स्प्रिंग बसेपर्यंत

कर्रर्र...

तो आवाज आला तेव्हा संचिता दुकानात स्टुलावर बसून खोबऱ्याची वडी खात होती. बांद्यात, दोडामार्गच्या रस्त्याला लागून, तिच्या वडिलांचं व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. वडिलांना अख्खा बाजार भाई म्हणायचा, म्हणून तीही भाईच म्हणायची. दुकानासमोर एक गतिरोधक होता. गतिरोधक कसला, रस्त्यात आडवी झोपलेली म्हैसच ती! तिच्यावरून आजवर टेम्पो उडाले होते, सायकलवाल्याचे पाव उडाले होते. पण गाडीचं पोट घासलेलं संचिता पहिल्यांदाच ऐकत होती.

ती बाहेर आली. गणपती होऊन गेले होते, तरी पाऊस काही निरोप घ्यायला तयार नव्हता. बारीक बारीक पडतच होता. समोर एक पांढरी गाडी. इतकी बुटकी, की खालून जायचं तर कोंबडीनेसुद्धा आधी विचार केला असता. दार उघडलं. आधी एक लांबलचक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग बराच वेळ काहीच नाही... आणि मग उरलेला माणूस.

माणूस उंच होता. आणि दिसायला... बरा होता. खरं सांगायचं तर चांगलाच बरा होता, पण संचिताने वडीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून चेहरा कोरा ठेवला.

"इथे अलाइनमेंट होतं ना?"

"होतं. पण गाडी आधी उभी तर राहू दे. बसलीय का ती?"

"लोअरिंग स्प्रिंग घातलेत," तो अभिमानाने म्हणाला. "गाडी रस्त्याला चिकटून चालते."

"हो, ऐकलं आत्ताच."

तो हसला. गालाला खळी पडली, एकाच. संचिताला वाटलं, ह्याचं अलाइनमेंट मुळातच थोडं बिघडलेलं दिसतंय.

त्याचं नाव मितेश. दोडामार्गचा, रोज गोव्यात कारखान्यात कामाला जायचा. त्याच्या सर्वेश नावाच्या मित्राने अंगणात, फणसाच्या बुंध्याला मोबाइल टेकवून, व्हिडिओ बघत बघत ते आखूड स्प्रिंग गाडीला चढवले होते. चढवताना दोघांनाही कृतकृत्य वाटलं. मग चाकं वरून आत झुकली, टायर आतल्या बाजूने झिजायला लागले, आणि गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागायला लागलं.

"घरचे काय म्हणाले?" संचिताने विचारलं.

"आई म्हणाली, गाडी बुटकी कशी झाली? मी म्हटलं, पावसात भिजून आटली."

"आणि त्यांना पटलं?"

"तिने तेव्हापासून गाडी शेडमध्ये लावायला लावलीय."

दोघंही घरात मालवणीच बोलणारे. पण गिऱ्हाईक आणि दुकानदार म्हटलं की जीभ आपोआप इस्त्री करून घेते. तेव्हा सगळं कसं शुद्ध आणि 'तुम्ही'त चाललं होतं. संचिताने चाकांना सेन्सर लावले, त्याला सीटवर बसवलं, आणि स्वतः पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरली.

"स्टिअरिंग सरळ धरा. हलू नका. गाडी खाली केलीत ना, आता तुमच्या वजनावर सेट करतेय."

"आणि माझं वजन वाढलं तर?" वरून आवाज आला.

"लग्न झाल्यावर या परत."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पत्र्यावर पावसाची टपटप.

"माझं लग्न... ठरलेलं नाही अजून."

"मी स्टिअरिंगबद्दल बोलत होते. डावीकडे गेलं ते. सरळ धरा!"

शेवटी स्क्रीनवरचे आकडे हिरवे झाले. संचिता हात पुसत म्हणाली, "नवीन स्प्रिंग बसायला जरा वेळ लागतो. थोडे दिवस चालवा आणि परत दाखवा." हे अगदी खरं होतं. ती प्रत्येकाला हेच सांगते.

तो परत आला. स्प्रिंग किंचित खाली बसले होते, तिने ते किंचित दुरुस्त केलं. तेव्हाच काम संपलं होतं. स्क्रीन भाताच्या खाचरासारखी हिरवीगार. पण मितेश दारात उभा, केसांतून पाणी गळतंय, आणि विचारतोय, "झालं? म्हणजे आता... परत यायला नको?"

संचिताने स्क्रीनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग स्क्रीन बंद केली.

"अजून बसले नाहीत नीट," ती म्हणाली. "या परत."

बांद्यात संचिताचा शब्द म्हणजे शब्द. टायर चालेल म्हणाली की चालतो, बदला म्हणाली की लोक दुसऱ्याला विचारत नाहीत. त्या मुलीने यंत्राच्या तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं, आणि वर तिला त्याचा आनंद झाला!

मग तो येतच राहिला. कधी वेलची केळ्यांचा फणा, 'गाडीत होता म्हणून'. कधी बाटलीभर रातांब्याचं आगळ, 'आईने दिलं, जास्तीचं होतं'. गतिरोधकावर कर्रर्र झालं की तो दारात येईपर्यंत संचिताचे केस बांधून झालेले असायचे. ती खड्ड्यात, तो सीटवर. मध्ये अख्खी गाडी. तोंड दिसत नसलं की माणूस किती मोकळं बोलतं! आवडते मासे झाले, शाळेतले मार झाले, त्याला पोहता येत नाही हेही झालं. पाना मात्र कुठल्याच नटाला लागत नव्हता.

भाई कोपऱ्यात पेपर वाचायचे. एकदा पेपर खाली न घेताच म्हणाले, "गो, स्प्रिंग बसतत काय उबवतत?"

"तुमी पेपर वाचा," संचिता म्हणाली.

आणि मग एका संध्याकाळी मितेश आला तो रिकाम्या हाताने. बसला, स्टिअरिंग धरलं, आणि म्हणाला, "आज एकदाचं फायनल सांगा. उद्या रविवारी मिठबावला जायचंय. आईने... एक मुलगी बघायचं ठरवलंय."

खड्ड्यात संचिताचा हात थांबला.

"जाईल ना गाडी तिथपर्यंत?"

नाही जाणार. दोनच शब्द. म्हटले असते तर त्याने गाडी काढली नसती. तिचा शब्द मोडून कोण काढतं? ते शब्द अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसले. पण तिकडे मिठबावला कुणी एक मुलगी साडीला पिना लावून वाट बघत बसणार. आणि हा काही बोलत नाही, म्हणजे ह्याच्या मनात काही नसेलच... मग आपण कशासाठी अडवायचं?

"जाईल," ती म्हणाली. "स्प्रिंग बसलेत. सरळ जाईल."

"म्हणजे परत यायला... नको?"

"नको."

कर्रर्र करत गाडी गेली. संचिताला रडू आलं. डोळे पुसले तर हाताचं ग्रीस डोळ्यांत गेलं, आणि मग तिला रडायला निदान एक सांगण्यासारखं कारण मिळालं.

रविवारी दुकान बंद होतं, पण घर दुकानाच्या मागेच. सकाळी ती फुलं काढत होती आणि आवाज आला. कर्रर्र... आणि थांबला. एरवी दोनदा यायचा, पुढची चाकं गेली की एकदा, मागची गेली की एकदा. आज एकदाच.

ती धावली. गाडी गतिरोधकावर पोट टेकून बसली होती. मागच्या दारातून मितेशची आई, काशीबाई, ठेवणीतल्या साडीत, हातात नारळ घेऊन उतरत होती. पुढे गणपतमामा, जे एकटेच दोन माणसांच्या हिशेबात जमा होते.

"येक गतिरोधक इलो की उतर, येक इलो की उतर!" काशीबाई कडाडली. "अशीच जावक लागला तर मिठबावाक चलतच पावतलंव! गाडी खाली केल्यान, माका वाटला माझ्या गुडघ्यांका चढाक बरा म्हणान केल्यान!"

"आदल्या टायमाक सगळे उतारलेले, आई. ह्या टायमाक मामा उतराक तयार नाय झालो," मितेश पडेल आवाजात म्हणाला. आणि मग त्याला संचिता दिसली. तिचे डोळे अजून लाल होते. तो बघतच राहिला.

भाई आले. मामांना उतरवलं, सगळ्यांनी ढकललं, गाडी सुटली. पण काशीबाईच्या मनात चुकचुकणारी पाल काही गप्प होईना. "बऱ्या कामाक निघालंव आणि वाटेत बसलंव. भाईनू, तुमी वडील माणूस. ह्यो नारळ ठेवा आणि एक गाऱ्हाणा घाला."

आमच्याकडे देवाला मनातल्या मनात सांगत नाहीत. वडीलधारं माणूस नारळ ठेवून मोठ्याने सांगतं, आणि भोवतीचे सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासूनची सवय, काय बोललं गेलं ते डोक्यात शिरायच्या आत तोंडातून होकार गेलेला असतो. भाईंनी गतिरोधकाशेजारी नारळ ठेवला, टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा, ह्या वाटेच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही दोडामार्गची लेकरा मिठबावाक भायर पडली, तेंची गाडी माझ्या दारात बसली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला आसात, ता पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडी बरी असताना, स्प्रिंग बसाक नाय म्हणान, माझ्या चेडवान ह्या झिलाक परत परत बोलवल्यान, ता पण पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. सगळ्यांत ते चेडू, म्हणजे संचिताही होती. तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानावर पडला आणि मग काय कबूल केलं ते कळलं. दुकानातल्या खड्ड्यात जाऊन वरून फळी ओढून घ्यावी असं तिला वाटलं.

"तुमी काय म्हटलात?" काशीबाईने विचारलं.

"गाऱ्हाणा चालू आसा," भाई शांतपणे म्हणाले. "मदी बोलूचा नाय."

तेवढ्यात मितेश पुढे झाला. हात जोडलेले, कान लाल. शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली होती.

"आणि म्हाराजा... गाडी बरी आसा ता माका म्हायत होता. तरी मी परत परत इलंय... म्हाराजा."

ह्यावर कुणाचंच 'व्हय' येईना. ह्याला होकार देणारं माणूस एकच होतं. संचिताने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता. पावसाचा एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लटकलेला, आणि तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"व्हय म्हाराजा," ती हळूच म्हणाली.

"आणि माका मिठबावाक जावचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मामांनी सवयीने दणकून दिला, आणि बहिणीचे डोळे दिसल्यावर खोकला काढला.

काशीबाईने लेकाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. "मेल्या, ह्या घरात बोलाक काय झाल्ला? ही साडी नेसान मी वाटभर उतारतंय नि चढतंय!" मग जरा दम घेऊन म्हणाली, "आता देवासमोर व्हय म्हटला, ता काय परत घेवक येता? दादा, मिठबावाक फोन कर. खरा काय ता सांग, आणि माफी माग." मग ती संचिताकडे वळली. तिचा आवाज उतरला. "आणि तुका काय व्हया गो, बाये?"

सगळे संचिताच्या तोंडाकडे बघत होते. "माका... माका ता तुमका सारख्या उतराक लागता ता बरा दिसणा नाय. ते स्प्रिंग काढूक व्हये."

मितेशचा चेहरा पडला. त्याने गाडीकडे पाहिलं. किती हौसेने बसवलेले, सर्वेशने, फणसाखाली... मग त्याने संचिताकडे पाहिलं.

"काढतंय," तो म्हणाला.

त्याहून मोठं प्रेम त्याला कुठल्याच भाषेत बोलता आलं नसतं, आणि संचिताला ते पुरेपूर कळलं.

निघताना तो खिडकीतून वाकला. "जुने स्प्रिंग घातल्यार परत अलाइनमेंट करूक व्हया मां? मगे... किती खेपा येव?"

"एकच. आता मी खोटा बोलूचंय नाय."

तो हिरमुसला.

"गाडयेक एकच," संचिता म्हणाली. "तू... गाडी नसली तरी ये."

त्या आठवड्यात ती रोज कान देऊन होती. टेम्पो उडाले, पाव उडाले; घासलं मात्र काहीच नाही. एका दुपारी दोडामार्गची एसटी आली आणि गेली. संचिताने वरही पाहिलं नाही. एसटीचं पोट काही घासत नाही.

"हय अलाइनमेंट होता मां?"

दारात मितेश उभा होता. गाडी नव्हती, स्टिअरिंग नव्हतं, मध्ये काहीच नव्हतं. अर्धा भिजलेला, आणि हातात केळ्यांचा फणा.

"होता," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस हय. हालू नको."