अंजनाबाईचा ओटा

गोंडपिपरीच्या जुन्या वस्तीत त्या रात्री जेवणं झाली आणि लाइन गेली. गडचांदूरहून सुटीत आलेली नातवंडं, गोपाल आणि पुनम, अंगणात मुखरू आबाजींच्या बाजेवर चढून बसली.

"आबाजी, भुताची सांगा. पण खरी."

"खोटी सांगून मले काय भेटते? श्रीहरीले मी लहानपणापासून पाह्यतो. या गल्लीचा सिमेंट रस्ता त्यानंच केला." आणि आबाजींनी सांगितलं ते असं.

ठेकेदार श्रीहरी कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. रस्ता रुंद करताना अंजनाबाईचा मातीचा ओटा आडवा आला. म्हातारी एकटी. ओटा नवऱ्याच्या हातचा. धान्य पाखडणं, निवडणं, चार बायांशी बोलणं, तिचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर. ती म्हणाली, "पाणीपाऊस सरू दे, बापू. मंग मीच पाडून देईन." श्रीहरीला दम कुठला!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याकडे पोरं पळसाच्या फांद्या घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरतात, इडापिडा, रोगराई गावाबाहेर हाकलतात. मारबत म्हणजे ती सगळी पीडा घेऊन जाणारी चेटकीण. "घेऊन जा गे मारबत!" नेमकं त्याच सकाळी श्रीहरीनं जेसीबी आणला. म्हातारी मोकळ्या केसांनी आडवी आली. श्रीहरीला चेव चढला.

"पाहा रे पोट्टेहो, हेच आपली मारबत! घेऊन जा गे मारबत!"

पोरांनी तेच उचललं. गल्ली खो खो हसली. ओटा पडला. जित्या बाईला मारबत म्हणावं? मनात तरी कसं आलं मेल्याच्या!

अंजनाबाई रडली नाही. "मले मारबत म्हनलं नं, बापू? नेईन मंग. तुह्यावालं नेईन." दिवाळीच्या आत ती गेली.

पुढच्या पोळ्याची रात्र. म्हणजे गेल्या वर्षीची. श्रीहरीची तीन वर्षांची चिमी तापानं फणफणली होती. मागे एकदा तापात तिला झटका आलेला, म्हणून तो आणि बायको मोनाली दोघंही धास्तावलेले. घरातलं औषध संपलेलं. साडेअकराला श्रीहरी चप्पल घालून निघाला.

"लवकर या जी," मोनाली म्हणाली. "पोरगी सारखी बाबा बाबा करून राह्यली."

चौकातल्या दिनेशनं झोपेतून उठून मेडिकलचं शटर उघडलं. औषध घेऊन श्रीहरी झपाझप परतला. गल्ली रोजचीच. आधी आटाचक्की. मग इतवारी शिंप्याचं निळं दार. मग श्रीहरीचं घर आणि त्याला लागून शकुबाईचं लोखंडी फाटक.

आटाचक्की आली. निळं दार आलं. फाटक आलं.

तो थांबला. घाईत पुढं आलो, म्हणून स्वतःलाच हसला. मागं फिरला.

फाटक. निळं दार.

मधे काही नव्हतं. शिंप्याची भिंत आणि शकुबाईची भिंत एकमेकींना चिकटली होती. बोट जाईल एवढीही फट नाही.

त्या भिंतीतून चिमीचं रडणं येत होतं.

"बाबा... बाबा..."

"येतील वो माय," मोनालीचा आवाज. "काऊन नाई आले अजून..."

श्रीहरीनं भिंतीवर मुठी मारल्या. "मोनाली! मी इथी हाव! इथी!" आत कुणाला ऐकू गेलं नाही. इतवारीचं दार बडवलं. कुणी उठलं नाही. तो नखांनी भिंत उकरू लागला.

मागं आवाज झाला.

सुपानं धान्य पाखडल्याचा. सावकाश. रस्त्याच्या कडेला... जिथं ओटा होता तिथं.

त्यानं वळून पाहिलं नाही.

"बाई... चुकलो. पाया पडतो."

सूप थांबलं.

"तूच म्हनलं नं, बापू. घेऊन जा."

"मले ने. लेकीपाशी जाऊ दे एकडाव... मंग मले ने."

"तुले नेऊन मी काय करू?"

भिंतीतलं रडणं बारीक झालं. आणखी बारीक.

मग... काहीच नाही.

पहाटे पळसाच्या फांद्या घेऊन पोरं आली, तेव्हा श्रीहरी स्वतःच्याच उघड्या दारासमोर उभा होता. बोटं रक्ताळलेली. घर जिथल्या तिथं. तो आत धावला. चिमी बाजेवर बसून बिस्कीट खात होती. ताप उतरला होता. श्रीहरीनं तिला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडला.



"मंग तं चांगलंच झालं," गोपाल म्हणाला. "काही नाई नेलं तिनं."

आबाजींनी नुसतं समोर बोट केलं.

गल्लीपलीकडच्या खिडकीत मेणबत्ती लागली होती. खिडकीत श्रीहरी उभा होता. चिमी त्याच्या कडेवर होती. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. ती त्याच्यातून आरपार इकडं पाहत होती, तिकडं पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "बाबा अजून काऊन नाई आले?"