बारा नंबरची खाच

आकांक्षाचा संशय पहिल्यापासून प्रयोगशाळेचे शिपाई नत्थुजींवर होता. अकोल्याच्या त्या खोलीत संशय घ्यायला माणसंच दोन, आणि त्यातली एक ती स्वतः.

तिचा प्रबंध फेरेटच्या दातांवर होता. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी. खरं तर दातांवरही नाही, दात जबड्यात धरून ठेवणाऱ्या धाग्यांवर. अमरावतीच्या एका हौशी माणसाचा फेरेट मेला आणि हिचं शिक्षण मार्गी लागलं. त्याच्या सुळ्याच्या कागदाहून पातळ चकत्या काचेवर चढवून तिने लाकडी पेटीच्या खाचांत ओळीने उभ्या लावल्या होत्या. धागे नीट दिसत ते फक्त बारा नंबरच्या काचेवर. शुक्रवारी परीक्षक तीच पाहणार होते. तीन वर्षं त्या एका काचेवर.

सोमवारी ती काच खाचेतून निघताना जरा अडली. बुधवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चकतीच्या कडेला हाड संपलं होतं. धागे संपले नव्हते; ते काचेच्या कडेपर्यंत गेले होते.

गुरुवारी काच निघेचना.

"नत्थुजी, खरं सांगा. डिंक लावला ना तुमी?" गेल्या महिन्यात तिने कपाटातल्या त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुडीची तक्रार केली होती.

"मी कायले लावू, मॅडम? माह्या हातानं पोस्टाचं तिकीट नाही चिपकत."

तिने खाच हुंगली. डिंकाचा वास नव्हता. सकाळी उठल्याउठल्या स्वतःच्या तोंडाला येतो, तो होता.

तिने काच चिमट्यात धरली, दोन्हीकडे हलवली आणि ओढली.

कट्.

काच हातात आली. कोरी. खाचेत लाल थेंब.

"तुमाले लागलं का?" नत्थुजींनी विचारलं.

तिला कुठेच लागलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता परीक्षक तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत चहा पीत होते. आकांक्षाने पेटी उघडली. बारा नंबरच्या खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कड वर आली होती.

नत्थुजींनी वाकून पाहिलं.

"पैली दुधाची होती वाटते. हे पक्की येऊन राहिली."

"किती दिवस लागतीन?" आकांक्षाने विचारलं.

परीक्षक आत आले. त्यांनी चष्मा चढवला, पेटी पुढे ओढली आणि बारा नंबर चाचपायला बोट आत घातलं.

"अहो," ते म्हणाले, "ही ओली कशी?"