गुलाबी दाणे आणि चौथी ओळ

"ओल राखा गं, ओल राखा,
मुळाशी निजलं पाणी;
कोंब फुटून गाऊ लागला..."

रोपवाटिकेत झारी घेऊन फिरताना आजोबा हे गुणगुणायचे आणि नेमके इथेच थांबायचे. ताईच्या कानात तो आवाज अजून होता, मातीच्या ढेकळावर पाणी पडावं तसा. "चौथी ओळ?" लहानपणी मावशी विचारायची, पुढे ताई आणि तिचा भाऊ नाकतोड्याही विचारू लागले. आजोबांचं उत्तर ठरलेलं, "ती अजून पिकायचीय."

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मावशीने पाटी पुढे केली. आजोबांनी लिहिलं, "गाणं पाटीवर वाळतं." ओळ काही लिहिली नाही.

म्हणून तर मावशी आपल्या प्रयोगशाळेत गळ्यावर चिकटवायची पट्टी बनवत होती. गळ्याची हालचाल ओळखून ती पट्टी बोलणार होती. पण कडक बॅटरीमुळे मान वळवली की पट्टी निघून यायची, म्हणून मावशीला वाकणारी बॅटरी हवी होती. दोन पातळ थरांच्या मध्ये लुसलुशीत जेली. त्या जेलीतल्या पाण्यातूनच विजेचे कण इकडून तिकडे जायचे.

आणि तीच जेली आठवडाभर रोज वाळत होती.

"बघा." सकाळी मावशीने खोक्याचं झाकण उघडलं. ताई, नाकतोड्या आणि शेजारची शंका, तिघंही वाकली. पट्ट्या उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या तडकल्या होत्या. "जेली ओतायची, रात्रभर स्थिरावू द्यायची आणि सकाळी वरून बंद करायची. माझ्या टेबलावर नीट जमत होतं. या नव्या खोलीत आले आणि..."

"उद्या प्रयोगशाळेचे मोठे साहेब येणार ना?" नाकतोड्याने विचारलं. तो एका पायावर उभा होता. "दोन पायांवर हा फक्त झोपेत असतो," ताई म्हणाली.

"उद्याही अशाच निघाल्या तर काम बंद. ते म्हणतात, तुझी जेलीच कच्ची आहे."

"झोपेत असतं कुणी दोन पायांवर?" शंका मध्येच म्हणाली. ती सुट्टीभर यांच्यासोबतच होती, आणि तिचं हे नाव उगीच पडलेलं नव्हतं. "शिवाय मावशी, कचऱ्याच्या डब्यात गुलाबी दाणे का आहेत?"

"कुठले दाणे? मला आत्ता दाणे सुचतायत का गं?" मावशी कपाळ चोळत फोन घ्यायला गेली.

ताईने डब्यात डोकावलं. साबुदाण्याएवढे गुलाबी दाणे होते, फाटलेल्या छोट्या पुड्यांतून सांडलेले. आणि समोरच्या फळीवर तशाच पुड्यांची बरणी होती. तिच्यातले दाणे मात्र निळे.

"पुड्या त्याच, रंग दुसरा," शंका पुटपुटली. तिने एक पुडी बाटलीच्या झाकणात ठेवली, शेजारी ओला कापूस ठेवला आणि वरून वाटी पालथी घातली. मग तिघं वाट बघत बसली. नाकतोड्याने दर दोन मिनिटांनी वाटी उचलली आणि दर वेळी ताईकडून टपली खाल्ली.

बऱ्याच वेळाने वाटी उघडली. दाणे जांभळट झाले होते, कापसाकडचे तर चक्क गुलाबी.

"पाणी प्यायले," ताई हळूच म्हणाली. "अरे, हे पाणी पितात! पण ते खोक्यात टाकतं कोण?"

उत्तर स्वतःच किल्ल्या वाजवत आलं. प्रयोगशाळेचं सामान सांभाळणारे भांडारकाका! बरणी काखेत घेऊन ते खोलीभर फिरले आणि दिसेल त्या खोक्याचं झाकण उचलून तळाच्या जाळीखाली मूठभर पुड्या सारू लागले.

"काका, हे कशाला?"

"बॅटरी म्हटलं की ओल हा शत्रू, बाळांनो. माझ्या भांडारात आजवर एकही बॅटरी गंजली नाही. रोज जुन्या पुड्या काढतो, ताज्या घालतो. मोठ्यांना सांगून कळत नाही, तर तुम्हाला काय कळणार?"

"पण काका, ही बॅटरी वेगळी..."

"बॅटरी ती बॅटरी. चला, वाटेतून सरका."

नाकतोड्या उसळणार, तेवढ्यात ताईने त्याची कॉलर धरली. "भांडू नको. यांना दाखवावंच लागेल."

मावशीने ताज्या जेलीच्या पट्ट्या ओतल्या तेव्हा ताई म्हणाली, "एक ताट आम्हाला दे. का ते विचारू नको."

"घे बाई. उद्या तसंही कचऱ्यातच जायचंय."

एक ताट नेहमीच्या खोक्यात गेलं. दुसरं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पण काका त्या डब्यातही पुड्या घालणार, मग? नाकतोड्याने डब्यावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'सुट्टीतला गणिताचा गृहपाठ'.

"याला जगात कुणी हात लावत नाही," तो छाती फुगवून म्हणाला. "मी स्वतः लावत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्यामागून आजोबा आले, गळ्याला मफलर गुंडाळून. मावशीने खोकं उघडलं. तडकलेल्या पट्ट्या. साहेबांनी मान हलवली.

"थांबा," ताई म्हणाली आणि तिने गृहपाठाचा डबा उघडला.

आत जेली दवासारखी चमकत होती. मावशीने एक पट्टी बंद करून बोटाभोवती गुंडाळली. छोटा दिवा लागला. तिने पट्टी पिळली, तरी दिवा जळत राहिला. शंकाने खोक्याच्या जाळीखालून एक पुडी काढून साहेबांच्या हातावर फोडली. गुलाबी दाणे घरंगळले.

"ही सगळी ओल खोक्यातल्या जेलीची आहे," ती म्हणाली. "आता शंका असेल तर विचारा."

भांडारकाकांच्या किल्ल्या पहिल्यांदाच गप्प झाल्या. "म्हणजे... मीच रोज..." त्यांनी कान धरले. "पोरांनो, मला वाटलं, मी जपतोय."

"कच्ची जेली नव्हती, कच्चा मीच निघालो," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिघांशी हात मिळवला. "काम चालू राहील. या दोघी नि हा बेडूक येत असतील तर जोरात चालेल."

"नाकतोडा," नाकतोड्याने दुरुस्त केलं.

मावशीने नवी बॅटरी पट्टीत बसवली आणि आजोबांच्या गळ्याला चिकटवली. आजोबांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पट्टी निघाली नाही. त्यांनी ओठ हलवले.

आवाज त्यांचा नव्हता. सपाट होता, पत्र्यावर नखं ओढावीत तसा. पण थांबण्याची जागा तीच होती.

"कोंब फुटून गाऊ लागला..."

नाकतोड्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

आजोबांनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला.

"जिनं राखली, तिचीच गाणी."