दोन हजार पुस्तकांचं भांडण

प्रतिभा आत शिरली आणि दारातच थबकली. तीन आठवडे खपून तिनं विषयवार लावलेली दोन हजार पुस्तकं... सगळी पुन्हा जुन्या जागी.

साल २००२. नाशिक रोडच्या त्या छोट्या वाचनालयाचं वर्गीकरण हा तिचा ग्रंथालयशास्त्राच्या एम.लिब.चा शेवटचा प्रकल्प होता. दुपारी मार्गदर्शक सर तपासायला येणार होते.

“कोणी केलं हे?”

“मी,” टेबलामागून दिनेश गावित म्हणाला. पेठ तालुक्याकडचा हा शांत माणूस इथला एकुलता एक कर्मचारी.

“कोणाला विचारून?”

“लोक रिकाम्या हातानं परत जात होते, मॅडम. प्रेसमधून रिटायर झालेले काका, घरचं उरकून येणाऱ्या बायका. पुस्तकांवरचे तुमचे विषयांचे आकडे त्यांना कळत नाय.”

“मला आधी सांगायचं.”

“चारदा आलो सांगायला. तुम्ही मान वर नाय केली.”

हे खरं होतं, म्हणून ती जास्तच भडकली. आणि त्याच्या शांत डोळ्यांकडे आपलं सारखं लक्ष जातं, याचाही तिला संताप आला.

सर आले. पुस्तकं कोणी हलवली ते कळताच दिनेशवरच घसरले. “शिपाई ना तू? पुस्तकांना हात लावलासच कसा?”

प्रतिभाची कानशिलं तापली.

“सर, ते शिपाई नाहीत. वाचक काय कुठे शोधतो, ते त्यांना माहीत आहे. मी विचारलंच नाही. मला आठ दिवस द्या.”

“उशिराचे मार्क कापीन.”

“कापा.”

आठ दिवस दोघं भांडत राबले. आकडे तिचे, कपाटांवरच्या पाट्या त्याच्या शब्दांत — ‘शेतीवाडी’, ‘पोटाचे विकार’, ‘भुताच्या गोष्टी’. भुतांवरून तर तासभर वाजलं. मधेच पाटी चिकटवताना बोटाला बोट लागायचं, आणि पाटी तिरकी चिकटायची...

तिचा फर्स्ट क्लास तीन मार्कांनी हुकला. निकाल घेऊन ती थेट वाचनालयात आली.

“तुमच्यामुळे.”

“माहितीय.”

“एवढंच? आता मी इथे येणार नाही, तेही माहितीय ना?”

“हो... ते जास्त लागतंय.”

“मग बोलत का नाही?”

तो उठून उभा राहिला. “प्रतिभा—” त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. “तुम्ही मला आवडता. रागावलेल्या पण. रविवारी गंगेवर, गोदाकाठी याल?”

“रविवारी वाचनालय उघडं असतं तुमचं.”

“सोमवारी सुट्टी असते.”

“मग नीट सोमवार म्हणा की,” ती चिडूनच म्हणाली, आणि किती वाजता ते ठरेपर्यंत जागची हलली नाही.