आजीच्या पिशवीतल्या मुंग्या

“गुडघे झाका, खांदे झाका, असं सगळं लिहिलंय म्हणे त्या पाटीवर! तोंड झाकायची सोय असती तर आणखी बरं झालं असतं. आमच्या रवींद्राला उपयोगी पडली असती!” आजी म्हणाली, आणि तिन्ही मुलं फिस्सकन हसली.

हसू येण्यासारखंच ध्यान होतं समोर. बँकॉकच्या नदीकाठच्या त्या देवळाच्या दारात रवींद्रकाका अर्ध्या चड्डीवर उभा होता. पहारेकऱ्यानं त्याला अडवलं आणि नेसायला एक फुलाफुलांची लुंगी दिली, तर हा ती नाकाशी नेऊन हुंगतोय!

“शी! किती जणांनी नेसली असेल ही!”

“तुझ्या चड्डीपेक्षा बरी आहे,” आजी म्हणाली. “टोकियोपासून तीच चढवलीयस. नेस मुकाट्यानं.”

आन्यानं नाक मुरडलं. सकाळपासून नाक मुरडून मुरडून ते दुखायला लागलं होतं तिचं. काकानं व्हॅनच्या पडद्याला हात पुसले. च्युइंगम सीटखाली चिकटवलं. रस्त्यावर कोणी काही तळत असलं की “शी, हे लोक काय वाटेल ते खातात,” म्हणायचं आणि लगेच एक पुडी विकत घ्यायची! वर ढेकर. शुगर लँडमध्ये हाच काका पाहुण्यांना बूट बाहेर काढायला लावतो, पाण्याच्या ग्लासाखाली बशी ठेवायला लावतो. घराबाहेर पडला की याची सगळी शिस्त जाते कुठे?

ही सगळी मंडळी निघाली होती टेक्सासमधल्या शुगर लँडहून कराडला. बारा वर्षांची आन्या, तिचा धाकटा भाऊ कुश, चौदा वर्षांचा चुलतभाऊ यतीन, यतीनचे वडील म्हणजे हा रवींद्रकाका, आणि आजी. आन्याचे आईबाबा पुढच्या आठवड्यात यायचे होते. मुंबईचं विमान संध्याकाळी होतं, आणि तिकिटावर अर्ध्या दिवसाची सहल फुकट होती. फुकट म्हटल्यावर काका सोडतोय होय! म्हणून ही पिवळ्या छत्रीवाली गाइड, नोई तिचं नाव, त्यांना पळवत पळवत बँकॉक दाखवत होती.

आणि बरोबर आजोबा होते. आजीच्या खांद्यावरच्या निळ्या कापडी पिशवीत.

आजोबा उन्हाळ्यात गेले. अमेरिकेतल्या लोकांनी अस्थी प्लास्टिकच्या डब्यात भरून दिल्या, तेव्हा आजीला इतकी किळस आली होती! “माणूस आहे का आइस्क्रीम?” म्हणाली होती ती. मग तिनं तांब्याचा गडू शोधला, अस्थी त्यात घातल्या, वर लाल फडकं घट्ट बांधलं. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर आजोबा पोहायला शिकले होते. “मला तिथंच सोड,” एवढंच त्यांनी मागितलं होतं. ते पार पडेपर्यंत गडू जमिनीला टेकवायचा नाही, असा आजीचा नियम होता. विमानात ती रात्रभर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“आई, अस्थी घेऊन देवळात?” लुंगीची गाठ मारता मारता काका म्हणाला. “छे छे! चालत नाही ते. तुम्ही जाऊन या. मी इथं पिशवी सांभाळतो.”

आजीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पिशवी खांद्यावरून काढली. “टेकवायचं नाही.”

“नाही गं आई! मी काय लहान आहे?”

देऊळ मात्र छान होतं! सोन्याचा मोठा बुद्ध, बाहेर चिनी दगडी रखवालदार, आणि अंगणात भला मोठा पिंपळ. पिंपळाला रंगीत कापडं गुंडाळलेली, फांद्यांना लाकडी टेकू दिलेले. कुश दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. डिजिटल कॅमेरा मिळाल्यापासून त्याचा डोळा त्यातून बाहेर येतच नव्हता. फक्त त्याचे कान दिसायचे, सुपासारखे. हुबेहूब आजोबांचे.

“किती फोटो काढशील? बॅटरी संपेल!” यतीन ओरडला.

“यू आर जस्ट जेलस!”

निघायची वेळ झाली, तरी काकाचा पत्ता नाही. शेवटी नोईनं त्याला कुठून तरी शोधून आणलं. डोळे सुजलेले, पाय तेलानं चमकतायत! एका हातात निळी पिशवी, दुसऱ्या हातात स्ट्रॉ घातलेलं शहाळं. नोईनं सगळ्यांना नदीकडच्या दारानं बाहेर काढलं आणि पलीकडे जायच्या बोटीत बसवलं. व्हॅन पलीकडच्या धक्क्यावर येणार होती.

बोटीला फार गर्दी होती. पलीकडे उतरल्यावर काकानं आजीच्या खांद्यावर पिशवी अडकवली. तिचे बंद त्यानं गच्च बांधले होते.

“गाठ कशाला मारलीस?” आजीनं विचारलं.

“सेफ्टी! गर्दीत चोर असतात.”

धक्क्याजवळच रेशमाचं दुकान होतं. सहलीत दुकान ठरलेलंच असतं! आजी आत गेलीच नाही. “मला काही घ्यायचं नाही,” म्हणून बाहेरच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. कुश शेजारी जाऊन बसला आणि दुसऱ्या क्षणाला उडालाच!

“आऊच! काहीतरी चावलं!”

आन्यानं वाकून पाहिलं. लाल मुंग्या! एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग. खुर्चीच्या पायावरून वर चढून सगळ्या पिशवीच्या शिवणीतून आत चालल्या होत्या. पिशवीचं बूड ओलं आणि चिकट झालं होतं. आन्याच्या अंगावर काटा आला.

“ईऽऽ! सो ग्रॉस!” कुश पाय झाडत म्हणाला.

“आजी, मुंग्या आहेत इथं,” आन्या म्हणाली.

आजीचा डोळा लागला होता. “असू देत गं,” ती झोपेतच पुटपुटली.

आन्यानं दोघा भावांना दुकानाच्या कोपऱ्यात ओढलं.

“गडूत काय आहे?”

“आजोबा,” कुश म्हणाला.

“राखेला मुंग्या लागतात का? आणि राख गळते का?”

यतीननं दाराबाहेर आजीच्या पिशवीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, “डॅडचं शहाळं कुठे गेलं? बोटीतून उतरताना त्याच्या हातात नव्हतं.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शी! नाही, असं कोणी करेल? पण तेवढ्यात कुश कॅमेऱ्याची बटणं दाबायला लागला होता. “वेट, वेट! पिंपळाचा फोटो! झूम करतो.” इवल्याशा पडद्यावर फांदी मोठी होत गेली. पिवळी कापडं, केशरी कापडं, आणि त्यांच्या आड दोरीला लोंबणारं लाल फडक्याचं गाठोडं!

“तो आजोबांचा गडू आहे,” आन्या म्हणाली.

“मी जाऊन विचारतो डॅडला.” यतीनचे कान लाल झाले होते.

“तो नाहीच म्हणेल. थांब, त्याला आपणहून बोलायला लावते.”

काका टायांच्या ढिगात हात घालून बसला होता. आन्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “काका, आजीला फूल मिळालं! म्हणते, पिशवी सोडून आजोबांच्या गडूवर वाहते!”

काका असा उठला की टाय चहूकडे उडाले! “नको! सोडू नको म्हणावं! कस्टमवाले... सील... अगं, थांबवा तिला!”

“गडूला सील नाहीये,” यतीन त्याच्या वाटेत उभा राहिला. “डॅड, पिशवीत शहाळं का आहे?”

काका टायांच्या ढिगावरच बसला. मग सगळं बाहेर आलं. देवळाच्या अंगणातच पायांचा मसाज करून देत होते. अस्थी मांडीवर घेऊन मसाज कसा घ्यायचा? जमिनीवर तर टेकवायचं नाही. “म्हणून पिंपळाला टांगलं! आपल्यात टांगतातच पिंपळाला. शास्त्राप्रमाणेच केलं मी! मग रिकामी पिशवी उशाला घेतली, जरा डोळा लागला. नोईनं घाईनं उठवलं, आठवलं तेव्हा बोट सुटलेली. पिशवी हलकी लागली असती, म्हणून...”

“म्हणून तू प्यायलेलं शहाळं आजीला दिलंस,” आन्या म्हणाली.

“आणि कराडला? तिथं काय करणार होतास?” यतीननं विचारलं.

काका खाली बघत पुटपुटला, “मिळते की राख कुठल्यातरी चुलीत. आईला काय कळणार आहे?”

आन्याला तोंडात काहीतरी सडकं गेल्यासारखं झालं. आजी नदीत उभी आहे, हात जोडलेत, आणि कुणाच्या तरी भाताखालची राख सोडतेय! शी! मुंग्या परवडल्या! यतीननं वडिलांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तो पँटला पुसला.

“चल,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता परत जायचं.”

“पण आईला काय सांगू?”

आन्यानं काकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला एकदम सुचलं. ती धावत बाहेर गेली. “आजी, काका देवळाची लुंगी नेसूनच आला! परत करायला जातोय. आम्ही पण जातो बरोबर!”

आजी जागी झाली. “देवाच्या दारची लुंगी पळवली? शी! अमेरिकेत घर घेतलं, पण लाज घ्यायला विसरला हा!”

नोईला कुशनं फोटो दाखवला, आन्यानं भराभर सांगितलं. नोईनं काकाकडे असं पाहिलं, की त्याला भाषांतराची गरज पडली नाही. “समोर बोट लागलीय. पळा!” ती म्हणाली. “तुमच्या आजीजवळ मी थांबते.”

बोटीत यतीन वडिलांच्या शेजारी बसला नाही.

देवळात शिरल्याबरोबर तिघं पिंपळाकडे धावली. कापडं होती. टेकू होते. फांदी होती. फांदीला सुतळीचं एक टोक लोंबत होतं, आणि खाली काहीच नव्हतं!

“गेलं!” काका मटकन पारावर बसला. “कचऱ्यात टाकलं असणार. हे लोक...”

“हे लोक, हे लोक करू नको!” आन्या ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्या माणसावर ओरडली होती. “टांगून तू गेलास!”

तिनं डोळे पुसले आणि सुतळीचं टोक जवळून पाहिलं. ते तुटलेलं नव्हतं, नीट कापलेलं होतं. कचरा समजून काढणारा माणूस हिसका देतो. कात्री कशाला आणेल? ज्यानं काढलं, त्यानं सांभाळून काढलं होतं. मग सांभाळून ठेवलंही असेल! पण कुठे?

“आन्या, लुक!” कुश कुंपणाच्या भिंतीकडे बोट दाखवत होता. भिंतीत ओळीनं लहान लहान कोनाडे होते. प्रत्येकाला दार, दारावर फोटो: चष्मेवाले आजोबा, अंबाडा घातलेल्या आजी, एक टोपीवाला शिपाई. समोर फुलं आणि उदबत्त्या.

“हे सगळे... मेलेले आहेत,” यतीन हळूच म्हणाला. “इथं अस्थी देवळातच ठेवतात!”

तिघं भिंतीलगत पळत सुटली. अगदी शेवटी, सावलीत, एक लाकडी चौरंग होता. त्यावर लाल फडक्याचा गडू! त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, आणि स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली! शेजारी पांढऱ्या वस्त्रातली, केस भादरलेली एक म्हातारी साध्वी पंख्यानं माश्या वारत बसली होती.

“थँक गॉड!” काकानं पुढे होऊन गडूला हात घातला. म्हातारीनं पंखा आडवा धरला. एकदा त्याच्या तेलकट पायांकडे पाहिलं, एकदा लुंगीकडे, आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही!

भाषा कोणाला येत होती? पण कुश पुढे झाला. त्यानं कॅमेऱ्यात मागे मागे जाऊन मागच्या वर्षीच्या गणपतीतला एक फोटो शोधला: आजोबा, हातात मोदक, आणि ते सुपासारखे कान. त्यानं फोटोवर बोट ठेवलं, मग गडूवर, मग स्वतःवर. म्हातारीनं फोटो पाहिला, कुशकडे पाहिलं, त्याचा एक कान अलगद धरला आणि खुदकन हसली. मग गडू हारासकट उचलून दोन्ही हातांनी आन्याच्या हातात दिला. आन्यानं वाकून नमस्कार केला, यतीननंही. पहारेकऱ्यानं काकाकडे लुंगी मागितली, तेव्हा ती सोडायला तोही वाकला.

परत येताना आन्यानं गडू छातीशी धरला होता. आता हळूच पिशवीत ठेवायचा, म्हणजे आजीला काही कळायलाच नको...

आजी धक्क्यावर उभी होती. तिच्या हातावर लाल गांध्या उठल्या होत्या, आणि हातात होतं शहाळं, मुंग्यांसकट. नोई मागे छत्री घेऊन उभी होती.

“लुंगी दिली का परत?” आजीनं विचारलं. इतक्या हळू आवाजात ती कधीच बोलायची नाही. काका यतीनच्या मागे सरकला.

आन्यानं गडू पुढे केला आणि सगळं सांगितलं. पिंपळ, मसाज, सुतळी, म्हातारी. चुलीतल्या राखेचं तिला सांगवेना. ते यतीननं सांगितलं, वडिलांकडे न बघता.

आजीनं झेंडूच्या हारावरून हात फिरवला. “नाव-गाव माहीत नसलेल्या बाईनं हार घातला,” ती म्हणाली. “आणि पोटच्या पोरानं उष्टं शहाळं! रवींद्रा, तुला न्हाऊमाखू घातलं ते पाणी फुकट गेलं रे. मला कळलं नसतं, असं वाटलं तुला? शाळा कमी शिकले मी, नवरा ओळखायला नाही!”

काकाचे डोळे भरले. “चुकलो, आई.”

“ते त्यांना सांग.” आजीनं गडूकडे बोट दाखवलं.

मग कुश म्हणाला, “आजी, त्या आजींनी आजोबांना लाल सरबत पण दिलं होतं. पण त्यांना डायबेटिस होता ना?”

आजीला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू! “जन्मभर चोरून प्यायचे, मी पकडायचे. प्यायले म्हणा शेवटी!” तिनं तिघांना जवळ ओढलं. “तुम्ही नसता तर माझा माणूस परमुलखात लोंबत राहिला असता. काय ती नजर, काय ती अक्कल! आमच्या घराण्यात एक पिढी गाळून उगवली म्हणायची.”

तिनं निळी पिशवी नदीच्या पाण्यानं स्वच्छ धुतली, पिळली, गडू आत ठेवला आणि आन्याच्या खांद्यावर अडकवली. “कराडपर्यंत ही तुझ्याकडे. तिघांनी आळीपाळीनं धरा. टेकवायचं नाही.”

“नाही टेकवणार, आजी.”

मग आजी वळली आणि शहाळं काकाच्या हातात दिलं. त्याच्या मनगटावर लगेच मुंग्यांची रांग सुरू झाली.

“आणि हे तुझ्याकडे. विमानतळापर्यंत मांडीवर धरायचं.”

“आई! अगं, मुंग्या... शी! मी खाली ठेवतो, जरा—”

“टेकवायचं नाही!” तिन्ही मुलं एका सुरात ओरडली.