रामनगरचा गठ्ठा

“बाबा, आपल्याकडून अजून पुस्तकं घेतं तरी कोण?”

हिंमत असेल तर घरी विचार, अशी मैत्रिणींनी शाळेत पैज लावली होती. बकुळने जेवायला बसताच विचारून टाकलं. आईने डोळे वटारले. बाबांनी, श्रीनिवासरावांनी, मात्र दमल्या आवाजात सरळ सांगितलं, “एकच जण. नदीपलीकडे, रामनगरचे काशीनाथ.”

आजोबांनी १९४९ साली रामघाटावर पुस्तकांची कंपनी काढली, तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूरच्या मराठी दुकानांना इथूनच घाऊक पुस्तकं जात. मग एकेक दुकान बंद पडलं. आता महिन्याला एवढं एकच मागणीचं कार्ड येई आणि बाबा नावेतून गठ्ठा पोचवत. आजोबांचा नियम होता, गठ्ठा उंबऱ्यावर ठेवायचा, हाक मारायची नाही. त्यामुळे काशीनाथांना कोणी कधी पाहिलंच नव्हतं. बाबांची कंबर गेली होती. गोदाम विकत घ्यायला गिऱ्हाईकही मिळालं होतं, सोमवारी विक्रीच्या कागदांवर सही होती. तरी त्या एका माणसाला नाही कसं म्हणायचं, इथेच त्यांचं घोडं अडलं होतं.

त्यात काय एवढं! आपण जाऊन ठणकावून ‘नाही’ म्हणायचं, की बाबा सुटले. शनिवारी शाळा सुटल्यावर बकुळ कोणाला न सांगता नावेत बसली.

भर दुपारी काशीनाथांचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर सगळे कंपनीचेच गठ्ठे. सुतळी जशीच्या तशी, गाठीवरचा लाखेचा शिक्काही शाबूत. एकही सोडलेला नव्हता. म्हणजे बाबा इतकी वर्षं उगीच झिजले! रागाने तिने एक शिक्का फोडला.

आतल्या पुस्तकांची पानं वाचून वाचून जुन्या धोतरासारखी मऊ पडली होती. कोपरे अंगठ्याने काळवंडलेले.

तिने दुसरा फोडला. तेच.

या महिन्याचा गठ्ठा दाराशीच होता. त्याच्या सुतळीत एक कार्ड खोचलेलं. शाई ओली होती.

‘बकुळ, बाबा दमलेत. पुढचा गठ्ठा तू आण.’

परतताना नावाड्याने दोनदा विचारलं, “बिटिया, तबीयत ठीक है ना?”

घरी बाबा कागद चाळत बसले होते.

“सही करू नका, बाबा. रामनगरला आता मी जाईन.”

आई म्हणाली, महिना-दोन महिने ठीक आहे, पुढे कॉलेज आहे तुझं.

“दोन महिने नाही, आई,” बकुळ हळूच म्हणाली. “मी त्यांच्या कार्डावर कायमचं हो लिहून आलेय.”