उरलेले नऊ सामने

"मला तुमच्याशी बोलायला मनाई आहे," मी म्हटलं.

तो दारातच थांबला. टोपीवर आणि खांद्यांवर ऑक्टोबरचा पहिला बर्फ, नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवलेली स्केट्सची जोडी... आणि मिशीत अडकलेलं एक हसू. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"मी अजून तोंडही उघडलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणून आधीच सांगून ठेवते. तुम्ही डार्सी फ्रीसन. क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये तुमच्या नावाची पाटी मीच लावली होती, आणि सप्टेंबरात मीच काढली."

त्याचं हसू मावळलं. मला उगाचच चुटपुट लागली.

आइस हॉकी क्लबच्या खेळाडूंच्या स्केट्सना धार लावणं ही माझी नोकरी. डार्सी उन्हाळ्यात करार करून आमच्या क्लबात आला आणि त्याने एकदाही बर्फावर पाऊल टाकायच्या आत टाळेबंदी झाली. मालकांना खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती. सगळ्या लीगच्या रिंकना, म्हणजे बर्फाच्या मैदानांना, एका दिवसात कुलपं लागली. आम्हा नोकरांच्या हातात एक कागद आला : खेळाडूंना फोन नाही, त्यांच्याशी बोलणं नाही. बोलाल तर घरी बसाल. माझं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं होतं. उरलेले दिवस मी वडिलांच्या दुकानात बसायची, युक्रेनियन चर्चच्या शेजारी, जिथे सगळ्या वस्तीचे स्केट्स धारेला येतात. कॅनडातल्या एवढ्या मोठ्या शहरात या माणसाला नेमकं हेच दुकान सापडावं...

"मग बोलू नका," त्याने स्केट्स माझ्यापुढे ठेवले. "धार लावा. धारेला मनाई नसेल."

मी एक स्केट हातात घेतला, पात्यावरून नख फिरवलं आणि त्या स्केटलाच म्हटलं, "काय रे, इतका कसा झिजलास? तुझा मालक तुला डांबरी रस्त्यावर फिरवतो की काय?"

मग खाली वाकून त्यानेही स्केटलाच सांगितलं, "हिला सांग, मालक रोज सकाळी नगरपालिकेच्या रिंकवर जातो. तिथला बर्फ रस्त्याहून वाईट आहे."

असा आमचा संवाद सुरू झाला. कागदातला एकही नियम आम्ही मोडला नाही.

दर मंगळवारी तो यायचा. स्केट्सना धारेची गरज असो वा नसो.

"हिला विचार, हिचं नाव काय."

"सांग त्याला, लेस्या."

"सांग हिला, मालकाला नाव फार आवडलं."

"सांग मालकाला, मिशी काढली तर मालकही बरा दिसेल."

पुढच्या मंगळवारी तो मिशी काढून आला. ओठावरची कातडी उघडी, गोरीपान, बिचारी थंडीत कुडकुडत असल्यासारखी. मी इतकी हसले की मशीन बंद करावं लागलं. तो मात्र गंभीर चेहऱ्याने स्केटला म्हणाला, "बघ. म्हटलं तसं केलं, तर ही हसते."

नोव्हेंबरात त्याने मला नऊ सामन्यांचं सांगितलं. लीगमध्ये त्याचे नऊशे एक्क्याण्णव झाले होते. हजार सामने खेळणाऱ्याला चांदीची स्टिक देतात, घरच्यांना बर्फावर बोलावून. त्याचं वय चौतीस आणि करार याच एका वर्षाचा.

"चांदीचं मला काही नाही," तो स्केटकडे बघत म्हणाला. "सास्काचवानमध्ये आमच्या गावात धान्याची कोठारं आहेत आणि एक रिंक. तिथून कुणी कधी हजारापर्यंत गेलेलं नाही. सगळे माझ्यावर डोळे लावून बसलेत. आई तर भिंतीवर जागा मोकळी करून बसलीय."

"सांग त्याला, होतील की नऊ."

"डिसेंबरात मिटलं तर सहज. जानेवारीत मिटलं तरी होतील. अगदी फेब्रुवारीतसुद्धा..."

त्याच्या आशेचं असं होतं. दर महिन्याला तो ती थोडी आखूड करून पुन्हा अंगात घालायचा. मला ते बघवायचं नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही नदीकाठी चालत होतो. पापण्यांवर दव गोठत होतं. चालता चालता त्याने माझा हातमोजा काढला आणि माझा हात आपल्या कोटाच्या खिशात, स्वतःच्या हातात धरून ठेवला.

"हे बोलण्यात धरतात का?" त्याने विचारलं.

"कागदात तरी नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी तुम्हीचं तू झालं. स्केट्सची मध्यस्थी संपली. मी प्रेमात पडले होते, अगदी आकंठ, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग जानेवारी आला, आणि मला नको ते दिसलं.

स्केटच्या पात्याच्या तळाला मधोमध एक लांब खोबण कोरलेली असते. खोबण खोल असेल तर कडा बर्फाला घट्ट धरतात, उथळ असेल तर पाय सैल सरकतो. प्रत्येक खेळाडूची खोबण ठरलेली. त्या मंगळवारी बघते तर त्याचं डावं पातं झिजलेलं, आणि उजव्याची आतली कड जवळजवळ मी लावली होती तशीच. उजव्या पायावर तो भार टाकत नव्हता.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"ठणठणीत."

गुडघ्याबद्दल खरं बोलणारा खेळाडू मी आजवर पाहिलेला नाही.

खोल खोबण बर्फाला करकचून धरते आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्या दिवशी मी त्याची खोबण उथळ केली. थोडीशीच. त्याला न सांगता. वडिलांनी मला मशीनला हात लावू देण्याआधी एकच गोष्ट बजावली होती : विचारल्याशिवाय कुणाची खोबण बदलायची नाही, तो त्याचा पाय असतो. पण मला वाटलं, निदान नऊ सामन्यांपुरता तरी तो गुडघा टिकू दे. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं होतं.

त्यानंतर तो अबोल होत गेला.

"धार बरी आहे ना?" मी दर मंगळवारी विचारायची.

"धार उत्तम आहे," तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

मला वाटलं, वाटाघाटी फिसकटताहेत म्हणून असेल. हॉकीत पडणाऱ्याने स्केटला दोष दिला की ड्रेसिंग रूम त्याला जन्मभर टोमणे मारते. नाचता येईना, अंगण वाकडं. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

सोळा फेब्रुवारीला दुपारी रेडिओवर सांगितलं, सबंध मोसम रद्द. उशिराही सुरू होणार नाही, अर्धाही होणार नाही. मी मशीन बंद करून बसून राहिले. अर्ध्या तासाने दार उघडलं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं."

"बरंच झालं म्हणायचं."

"डार्सी, असं बोलू नकोस. शरद ऋतूत दुसरा एखादा क्लब..."

"मर्वने गुपचूप बोलावलं होतं." मर्व त्याचा जुना कोच, दुसऱ्या क्लबातला. "गेल्याच आठवड्यात म्हणाला, मोसम बुडाला तर पुढच्या वर्षी माझ्या सराव शिबिराला ये, नऊ सामने मी तुला खेळवतो. आज सकाळी मी त्याला नाही म्हणून कळवलं."

"नाही? का?"

तो बाकावर बसला. गळ्यातले स्केट्स काढून त्याने पायांपाशी ठेवले.

"माझे पाय गेले, लेस्या. सहा आठवडे झाले, वळणावर उभंच राहता येत नाही. कॉलेजची पोरं मला मागे टाकतात. मर्वला तसंच सांगितलं, की पाय संपले. दया म्हणून मला कुणी खेळवायला नकोय."

मी त्याचा एक स्केट उचलून पालथा केला.

"मी केलं," मी म्हटलं. "तुझी खोबण... मी उथळ केली. जानेवारीपासून. तुझ्या गुडघ्यासाठी."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"होती तशी कर," एवढंच म्हणाला.

मी खोबण पहिल्यासारखी करून दिली. चर्चच्या अंगणात पाणी सोडून केलेली छोटी रिंक आहे, तिथे तो उतरला. पहिलं वळण त्याने घाबरत घेतलं. दुसरं सावकाश. तिसऱ्याला त्याचं अंग इतकं कललं की हातमोजा बर्फाला लागला, आणि पाय घट्ट उभा राहिला. मी इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं, आणि तेच मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

कडेला येऊन तो धापा टाकत उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही.

"मर्वला फोन कर," मी म्हटलं. "आत्ता कर."

"काय सांगू? धार चुकली होती? चौतीस वर्षांचा माणूस आणि स्केटला दोष? तो पहिला प्रश्न विचारेल, धार कुणी लावली."

"सांग माझं नाव."

"टाळेबंदीत क्लबची बाई माझे स्केट्स सांभाळत होती, असं? उद्या घरी बसशील."

"बसेन."

"मी नाही सांगणार, लेस्या."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मर्वला फोन लावला. नाव सांगितलं, क्लब सांगितला, खोबण किती होती आणि मी किती केली ते सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, जमतंय.

"पोरी," तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. धार लावणारं माणूस उगाच खोबण बदलत नाही. तू का बदललीस?"

गुडघा म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं. दुखऱ्या गुडघ्याच्या चौतीस वर्षांच्या खेळाडूला शिबिराला कोण बोलावतं?

"ऐकतोय मी," मर्व म्हणाला.

"माझं त्याच्यावर प्रेम आहे," मी म्हटलं. त्या एका क्षणी माझ्याकडे सांगता येईल असं दुसरं काहीही खरं उरलं नव्हतं.

पलीकडून एक उसासा आला.

"मला दरवर्षी असे फोन येतात, पोरी. बायकांचे, आयांचे. सगळ्यांचे पाय ठणठणीतच असतात." आणि त्याने अलगद फोन ठेवला.

गावी परत जायला डार्सी गाडीत सामान भरत होता तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं.

"गुडघ्याचं बोललीस?"

"नाही."

"मग का म्हणून काय सांगितलंस?"

मी सांगितलं. तो गाडीला टेकून उभा राहिला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"म्हणजे मला सांगायच्या आधी मर्वला सांगितलंस?"

"तुला माहीत होतं."

"माहीत होतं." त्याने माझे दोन्ही हात धरले. "माझंही आहे. पुष्कळ आहे. मर्वला सांगण्याइतकं."

"मग थांब ना... नऊ सामन्यांवाचून माणसं जगतात."

"थांबलो तर रोज तुझ्याकडे बघून नऊ मोजीन, लेस्या. एखाद्या दिवशी भांडणात ते बोलूनही जाईन. मला तुझ्याकडे तसं बघायचं नाहीये."

मला गाडीच्या दारात उभं राहता आलं असतं. रडता आलं असतं, शपथ घालता आली असती, आणि कदाचित तो थांबलाही असता. पण त्याच्या पायांचं एकदा मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी हात सोडले आणि त्याला जाऊ दिलं.